राखणदाराचा वाटा

कुंपणानेच शेत खाल्ले, असे आपण म्हणतो तेव्हा एक निवाडा करून मोकळे होतो. शेत निरपराध, कुंपण विश्वासघातकी. ही म्हण आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्या पोटात दडलेला प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. जिवंत झाडांचे कुंपण असेल तर त्याला पाणी लागते, त्याची मुळे शेतातच शिरतात, त्याची सावली कडेच्या ओळींवर पडते. राखणीला ठेवलेल्या माणसालाही भूक असते. काहीही न घेता राखण करणारा राखणदार या सृष्टीत आहे तरी कोठे? मग त्याने खाल्ले एवढ्यावरूनच त्याला दोषी ठरवायचे, की किती खाल्ले, केव्हा खाल्ले आणि त्याच्या खाण्यामुळे धन्यापर्यंत काय पोहोचले हे पाहून मग निवाडा करायचा?

माणसांची उदाहरणे घेऊन या प्रश्नाचा विचार करू लागलो की राग-लोभ आड येतात. राखणदार आपला असेल तर त्याचा वाटा लहान दिसतो, परका असेल तर मोठा. म्हणून जिथे कोणाचा पक्ष घेण्याचे कारण नाही अशा एका ठिकाणी हा प्रश्न नेऊन पाहावा. अमेरिकेच्या पश्चिम भागात कॅलिफोर्निया आणि नेवाडा या राज्यांच्या सीमेवर सिएरा नेवाडा नावाची सुमारे ६४० किलोमीटर लांबीची पर्वतरांग उभी आहे. या रांगेत हिवाळ्यात बर्फ साठते, उन्हाळ्यात ते वितळते, आणि त्या दोहोंच्या मध्ये राखणदार म्हणून उभे असते जंगल. हे जंगल बर्फ राखते की खाते, यावर तेथे शंभराहून अधिक वर्षे वाद, मोजमाप आणि पुन्हा वाद चालला आहे.

आपल्याकडचा पाऊस उन्हाळ्यानंतर येतो आणि पिकांच्या हंगामातच पडतो. कॅलिफोर्नियात नेमके उलटे आहे. तेथे वर्षाचे बहुतेक पाणी हिवाळ्यात पडते आणि शेताला ते हवे असते उन्हाळ्यात, जेव्हा आकाशातून जवळजवळ थेंबही येत नाही. ही सहा महिन्यांची दरी भरून काढण्याचे काम सिएराचे बर्फ करते. राज्याच्या गरजेपैकी सुमारे तीस टक्के पाणी या बर्फातून येते. धरणे माणसाने नंतर बांधली. पहिले धरण पर्वतानेच बांधले होते, आणि त्याला भिंत नव्हती, केवळ थंडी होती.

या कोठारात किती माल पडतो ते प्रथम उंची ठरविते. पॅसिफिक महासागरावरून आलेली दमट हवा पश्चिम उतारावर चढू लागते, चढता चढता थंड होते आणि आपला भार खाली टाकते. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे एकाच वादळात पायथ्याशी पाऊस पडतो आणि माथ्याकडे हिम. मधला, साधारण दीड ते दोन हजार मीटरचा पट्टा हा संशयाचा प्रदेश असतो. तेथे एक-दोन अंशांच्या फरकाने पावसाचे हिम होते किंवा हिमाचा पाऊस. वर जावे तसे बर्फ वाढत जाते. तथापि ही वाढही अमर्याद नाही. दक्षिण सिएरात विमानातून लेझर किरणांनी केलेल्या मोजणीत असे दिसले की सुमारे ३३०० मीटरच्या पुढे बर्फाची खोली घटू लागते. तेथे हवेत ओलावा कमी उरतो, वारा बर्फ उडवून नेतो आणि उघड्या कड्यांवर ते टिकत नाही. जो सर्वांत उंचावर आहे त्याच्यापाशी सर्वांत मोठा साठा असेलच असे नाही.

पडलेल्या बर्फाचे पुढे काय होते ते मात्र मोठ्या प्रमाणात झाडे ठरवितात. पाइन, फर, सीडर ही सूचिपर्णी झाडे हिवाळ्यातही पाने टाकीत नाहीत. पडणारे हिम प्रथम त्यांच्या फांद्यांवर अडते. त्यातले काही नंतर गठ्ठ्यांनी खाली घसरते, काही ठिबकते, आणि काही न वितळताच थेट वाफ होऊन हवेत निघून जाते. याला संप्लवन म्हणतात. कॅनडाच्या अतिशीत वनांत वर्षाच्या हिमवृष्टीचा सुमारे एक तृतीयांश भाग असा फांद्यांवरूनच नाहीसा होतो. हा झाला राखणदाराने घेतलेला वाटा. उघड्या माळावर पडणाऱ्या बर्फाला असा वाटा द्यावा लागत नाही. म्हणून मोकळ्या जागेत बहुधा बर्फाचा थर अधिक जाड असतो.

परंतु जंगल जे उरू देते ते सांभाळतेही. वसंतातले ऊन ते अडविते, वाऱ्याचा जोर मोडते. उघड्यावरचे बर्फ दिवसभर उन्हात पडते आणि लवकर वितळते. सावलीतले हळूहळू झिरपते. म्हणजे माळावर अधिक जमा आणि लवकर खर्च, जंगलात कमी जमा आणि सावकाश खर्च. यात अधिक चांगले कोणते? ज्याला वर्षाची एकूण बेरीज हवी आहे तो माळाचे नाव घेईल. ज्याला जून-जुलैत, तहानेच्या दिवसांत, पाणी हवे आहे तो जंगलाचे नाव घेईल. दोघांचेही आकडे खरे असतील. प्रश्न आकड्यांचा नसून आपण कोणत्या गोष्टीला आकडा लावतो याचा आहे.

या पर्वतावर राखणदार काढून टाकण्याचा प्रयोग फार पूर्वीच घडला, आणि तो कोणी ज्ञानासाठी केला नव्हता. १८५९ मध्ये नेवाडात व्हर्जिनिया सिटी येथे चांदीचा मोठा साठा सापडला. खाणींच्या बोगद्यांना आधार म्हणून आणि यंत्रांच्या भट्ट्यांना इंधन म्हणून लाकूड लागले. पुढच्या सुमारे तीन दशकांत ताहो सरोवराभोवतीची बहुतेक जुनी वने तोडून खाली नेण्यात आली. वाशो लोक पिढ्यान् पिढ्या ज्या सरोवराकाठी उन्हाळ्यात येऊन राहत, त्याचे डोंगर बोडके झाले. चांदी संपली, माणसे निघून गेली. आणि मग विसाव्या शतकाच्या आरंभी वाद उभा राहिला. वने बर्फ राखतात, त्यांना हात लावू नका, असे एक पक्ष म्हणे. वने बर्फ खातात, असे दुसरा म्हणे. दोन्हीकडे आवेश भरपूर होता, मोजमाप जवळजवळ नव्हते.

मोजमाप करण्याचे काम पत्करले ते रीनो येथील नेवाडा विद्यापीठात लॅटिन शिकविणाऱ्या एका प्राध्यापकाने. जेम्स एडवर्ड चर्च हे त्यांचे नाव. शास्त्रज्ञ म्हणून त्यांचे शिक्षण झालेले नव्हते. हिवाळ्यात डोंगर चढण्याची ओढ मात्र विलक्षण होती. ताहोच्या ईशान्येला असलेल्या, ३२०० मीटरहून अधिक उंचीच्या माउंट रोझ या शिखरावर त्यांनी १९०५-०६ च्या सुमारास वेधशाळा उभारली आणि बर्फ मोजण्यासाठी एक साधन तयार केले. ते साधन म्हणजे टोकाला दाते असलेली पोलादाची पोकळ नळी. ती बर्फात तळापर्यंत रोवायची, आत आलेल्या बर्फासकट बाहेर काढायची आणि तराजूला लावायची. नळीच्या वजनावरून बर्फात पाणी किती आहे ते कळते.

साधन साधे आहे, पण त्यामागचा विवेक फार मोलाचा आहे. बर्फाची खोली डोळ्यांना दिसते, आणि ती फसवी असते. नुकतेच पडलेले भुसभुशीत हिम गुडघाभर असले तरी त्यात पाणी थोडेच असते; दबून घट्ट झालेला हातभर थर त्याहून कितीतरी अधिक पाणी बाळगून असतो. चर्च यांनी दिसणारी उंची सोडून असणारे वजन मोजले. त्या वजनांवरून वसंतात ताहो सरोवराची पातळी किती वाढेल हे आगाऊ सांगता येऊ लागले, आणि काठावर राहणारे व खालच्या अंगाला पाणी वापरणारे यांच्यातील भांडणाला प्रथमच आधाराचा आकडा मिळाला. पुढे १९२९ पासून कॅलिफोर्नियाने राज्यभर अशी मोजणी नियमाने सुरू केली.

आणि जंगलाविषयी चर्च यांचा निष्कर्ष काय निघाला? दोन्ही पक्षांना पुरते समाधान देणारा तो नव्हता. घनदाट वन फार खाते. उघडा माळ राखत नाही. सर्वांत उत्तम ते वन, जे मधाच्या पोळ्यासारखे मोकळ्या चौकांनी भरलेले आहे, आणि ज्यातले चौक भोवतीच्या झाडांच्या उंचीच्या मानाने इतकेच रुंद आहेत की बर्फ आत पडावे, पण ऊन तळापर्यंत पोहोचू नये. राखणदार हवा, मात्र त्याने धान्याच्या राशीवर न बसता राशीच्या कडेला उभे राहावे, असा याचा अर्थ.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे ऐकून घेतला पाहिजे. पाणीच हवे असेल तर राखणदाराचा वाटा कमी का करू नये? तसे करून पाहिले गेले आहे. कोलोरॅडोत वॅगन व्हील गॅप येथे १९१० पासून शेजारशेजारच्या दोन ओढ्यांचे पाणी मोजण्यात आले, १९१९ मध्ये त्यांपैकी एका ओढ्याच्या खोऱ्यातले जंगल तोडण्यात आले आणि १९२६ पर्यंत दोहोंची तुलना चालली. तोडलेल्या खोऱ्यातून पाणी अधिक आले. पुढे त्याच राज्यात फ्रेझर येथील प्रायोगिक वनात, फूल क्रीक या ओढ्यावर, १९५४ ते १९५६ या काळात सुमारे दोन पंचमांश क्षेत्रावरची झाडे पट्ट्यापट्ट्यांनी काढली गेली. तेथेही प्रवाह वाढला आणि ती वाढ कित्येक दशके टिकून राहिली. मग तोडावे, हे सिद्ध झाले नाही काय?

सिद्ध झाले ते एवढेच की पाणी वाढते. फूल क्रीकमधली वाढ मुख्यतः मे महिन्यात, वितळण्याच्या आरंभीच आली. म्हणजे भर पडली ती बहुतांशी आधीच भरत असलेल्या ओढ्यात. शिवाय वाढते म्हणजे कोणासाठी वाढते? जलशास्त्राच्या पुस्तकांत झाडांनी अडवलेल्या आणि प्यायलेल्या पाण्याला तूट असे नाव आहे. हा शब्द वरवर निर्विकार वाटतो. वस्तुतः तो खालच्या अंगाला उभ्या असलेल्या माणसाचा शब्द आहे. झाडाच्या बाजूने पाहिले तर ती तूट नाही, ते त्याचे जगणे आहे. त्या पाण्यावर झाड उभे राहते, झाडावर पक्षी आणि खारी जगतात, मुळांनी माती धरून ठेवली जाते. हिशेबाची वही कोणाच्या हाती आहे यावर एकाच आकड्याला जमा म्हणायचे की खर्च, हे ठरते. ज्ञान आपल्याला परिणाम सांगते. अधिकार देत नाही. झाड तोडल्याने पाणी वाढते हे कळणे वेगळे आणि म्हणून ते तोडण्याचा हक्क मिळणे वेगळे. या दोहोंच्या मध्ये एक पायरी आहे, आणि ती पायरी नीतीची आहे.

परंतु म्हणून राखणदाराला कधी हातच लावू नये, असेही म्हणता येत नाही. तोही प्रयोग त्याच सिएरात झाला, आणि त्याची किंमत मोठी पडली. या डोंगरांत विजेने लागणाऱ्या लहान आगी ही नित्याची गोष्ट होती. तेथील मूळ रहिवासी समाज स्वतःही हेतुपूर्वक अशा हलक्या आगी लावीत. त्या आगी झुडपे आणि दाटी जाळीत, मोठी झाडे राहू देत, आणि चर्च यांनी वर्णिलेले चौक आपोआप मोकळे राहत. विसाव्या शतकात वनरक्षणाच्या सद्हेतूने प्रत्येक आग विझविण्याचे धोरण आले. वन वाचले आणि कोंदटले. २०१२ ते २०१६ च्या दुष्काळात या दाटीतली झाडे एकमेकांशी पाण्यासाठी झगडत सुकली, किडींना बळी पडली. २०१७ अखेरपर्यंत कॅलिफोर्नियात सुमारे १२ कोटी ९० लाख झाडे मेल्याचा अंदाज करण्यात आला. राखणदारांची संख्या वाढवीत नेल्याने राखण वाढली नाही. राखणदारच उपाशी मेले. मग त्या वाळलेल्या दाटीत लागलेली आग लहान राहत नाही. ती मोठी झाडेही नेते. जळक्या खोडांवरची काजळी बर्फावर पडते, बर्फ काळवंडते, ऊन अधिक शोषते आणि कित्येक दिवस आधी नाहीसे होते.

याच्या उलट योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातील इलिलुएट ओढ्याच्या खोऱ्यात १९७२ पासून नैसर्गिक आगी बहुतांशी जळू देण्यात आल्या. तेथील वनाचे क्षेत्र एक पंचमांशाहून अधिक घटले, मधे मधे कुरणे आणि झुडपी माळ आले, जमिनीतला ओलावा काही ठिकाणी वाढला, आणि ओढ्याचे पाणी कमी झाले नाही. कोणी कुऱ्हाड घेऊन गेले नव्हते. ज्या शिस्तीत ते वन वाढले होते ती शिस्त त्याला परत मिळाली, इतकेच.

या साऱ्यात सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून पुढे आली. जगातील अनेक ठिकाणची मोजमापे एकत्र करून पाहता असे दिसले की डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांचे सरासरी तापमान जिथे उणे एक अंशाहून अधिक असते, तिथे जंगलातले बर्फ उघड्यावरच्या बर्फापेक्षा एक-दोन आठवडे आधीच संपते. जिथे हिवाळा याहून थंड, तिथे ते बहुधा उघड्यापेक्षा अधिक टिकते. कारण असे की झाड सावली देते तशी ऊबही देते. त्याची काळी खोडे आणि दाट पाने स्वतः तापतात आणि ती उष्णता भोवतालच्या बर्फाकडे जाते. थंड उंचीवर सावलीचा लाभ मोठा ठरतो, उबदार उतारावर उबेचा तोटा. झाड तेच, त्याचे वर्तन तेच. हजार मीटर खाली आणले की राखणदाराचा भक्षक होतो. त्यात त्याचा काहीही अपराध नसतो.

आपण सद्गुणांची यादी करतो तेव्हा ते सर्व उंचींवर सारखेच सद्गुण राहतील असे गृहीत धरतो. जपणे चांगले, जवळ धरणे चांगले, सावली देणे चांगले. पण ज्या मायेने एका मुलाला कठीण काळात तगवून नेले, तीच माया दुसऱ्या, सुखाच्या घरात वाढणाऱ्या मुलाची उमेद विरघळवून टाकते. माया खोटी नसते. तिची जागा चुकलेली असते. यावरून चांगले-वाईट असे काही नसतेच, असा निष्कर्ष काढणे मात्र आळशीपणाचे होईल. कसोटी दोन्ही ठिकाणी एकच आहे: ज्याची राखण करायची ते वेळेवर, ज्याच्यासाठी राखले त्याच्यापर्यंत पोहोचते की नाही? कसोटी स्थिर आहे, तिचे उत्तर स्थळकाळाप्रमाणे बदलते. म्हणूनच ते पुन्हा पुन्हा मोजून पाहावे लागते.

आणि आता तर स्थळही स्थिर राहिलेले नाही. हवा तापते आहे तशी पाऊस आणि हिम यांची सीमा डोंगरावर वर सरकत आहे. १ एप्रिल २०१५ रोजी सिएरातला हिमसाठा नेहमीच्या सरासरीच्या अवघा पाच टक्के भरला. ज्या कुरणावर दरवर्षी नळी रोवून मोजणी होते, तेथे त्या दिवशी कोरडे गवत होते. आठ वर्षांनी, २०२३ च्या एप्रिलच्या आरंभी, राज्याचा हिमसाठा सरासरीच्या २३७ टक्के होता. अशा हेलकाव्यांत, कालपर्यंत जे वन थंड पट्ट्यात उभे राहून बर्फ राखीत होते, ते जागचे न हलताही उद्या उबदार पट्ट्यात सापडेल. ज्याने नेमणुकीच्या दिवशी उत्तम राखण केली तो तिसाव्या वर्षीही तीच करीत असेल, असे धरून चालता येत नाही.

राखणदार म्हणजे केवळ झाडेच नव्हेत. ताहो सरोवरातून निघणारी ट्रकी नदी नेवाडाच्या वाळवंटात पिरॅमिड सरोवराला मिळते. त्या सरोवरात कुई-उई नावाचा मासा आहे, आणि काठावरचे पायूट लोक स्वतःला त्या माशावरूनच ओळखतात. वसंतात बर्फ वितळून नदी फुगली की हा मासा अंडी घालण्यासाठी नदीत चढतो. १९०५ मध्ये नदीवर डर्बी धरण झाले आणि पाण्याचा मोठा भाग दूरच्या शेतांकडे वळविण्यात आला. १९६७ पर्यंत सरोवराची पातळी सुमारे चोवीस मीटर खाली गेली, तेथला मूळचा ट्राउट मासा नाहीसा झाला, कुई-उईचे नाव संकटग्रस्त जातींत गेले. वर डोंगरावर बर्फाच्या प्रत्येक थराचे वजन होत होते. खाली टोकाला बसलेल्यांचा वाटा मात्र कित्येक वर्षे कोणाच्याच वहीत नव्हता. खटले आणि वाटाघाटी यांतून २००८ मध्ये नदीच्या वापराचा करार झाला, तेव्हा त्यात माशाच्या गरजेलाही जागा मिळाली. झाडाने घेतलेल्या पाण्याला आपण तूट म्हटले. माणसाने घेतलेल्या पाण्याला विकास म्हटले. दोघांनाही एकाच तराजूला लावायला शंभर वर्षे लागली.

तर मग राखणदाराचा न्याय्य वाटा किती? वाटा शून्य असू शकत नाही. जो स्वतः जगणार नाही तो राखणार कसा? वाटा केवळ त्याच्या भुकेवरही ठरू शकत नाही. दाटी वाढली की तोही मरतो आणि राशही जाते. त्याने जे अडविले त्याहून अधिक मोलाचे काही त्याच्या सावलीमुळे टिकले आणि योग्य वेळी खाली उतरले, तर तो वाटा त्याच्या हक्काचा आहे. आणि हे टिकले की नाही, ते ठरविताना काठावरच्या सर्वांत शेवटच्या माणसाला विचारले गेले पाहिजे. कारण तूट झाली तर ती प्रथम त्याच्याच दारी पोहोचते.

संस्थांचे विश्वस्त, पैशांचे खजिनदार, घरातील वडीलधारे, शाळेतील शिक्षक: आपल्यापैकी बहुतेक जण कोणत्या ना कोणत्या राशीच्या कडेला उभे आहोत. आपल्या हातून काही खाल्ले जाते, हे नाकारण्यात अर्थ नाही आणि त्याची लाज वाटण्याचेही कारण नाही. आपण राशीवर बसलो आहोत की कडेला उभे आहोत, एवढे मात्र अधूनमधून पाहिले पाहिजे. ते डोळ्यांनी अदमासून कळत नाही; त्यासाठी नळी तळापर्यंत रोवावी लागते आणि वजन करावे लागते.